वाचकांचे प्रश्न : पुरुषांचे सारोंग घरात, कचेरीत आणि रस्त्यावर

आग्नेय आशियातील पुरुष कमरेला नेसतात त्या नळीसारख्या शिवलेल्या वस्त्राविषयी, म्हणजे सारोंगविषयी, या महिन्यात बरीच पत्रे आली आहेत. मागील अंकात आम्ही जकार्तातील तरुण मुले बाटिकचे कापड नेसून मेट्रोत आणि पदपथांवर वावरत असल्याची काही छायाचित्रे छापली होती, त्याचा हा परिणाम असावा. काही पत्रे कुतूहलाची आहेत, काही शंकेची, आणि एक-दोन निखळ चेष्टेची. चेष्टेची पत्रे बाजूला ठेवून बाकीच्यांपैकी निवडक प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. लेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : कंपनीच्या कामासाठी मी वर्षभर जकार्ताला जात आहे. तिथल्या उकाड्यात विजारीऐवजी सारोंग नेसावे असे मला मनापासून वाटते. कचेरीत ते चालेल का? निदान सुट्टीच्या दिवशी बाहेर फिरताना लोक हसणार तर नाहीत ना?
— एक वाचक, पुणे

चौकटीचे सुती सारुंग (इंडोनेशियात उच्चार असा होतो) नेसून आपण कचेरीत गेलात तर कोणी परत पाठवणार नाही. परंतु आपण नमाजाहून किंवा थेट अंथरुणातून उठून आला आहात, असे सहकाऱ्यांना वाटेल. इंडोनेशियात पुरुषाचे सारुंग आजही मुख्यतः घराचे, मशिदीचे आणि पेसांत्रेनचे, म्हणजे तेथील निवासी धार्मिक विद्यालयांचे वस्त्र आहे. संध्याकाळी आंघोळ झाल्यावर ते नेसले जाते, शुक्रवारच्या नमाजाला आणि ईदला नेसले जाते, शेजाऱ्याकडच्या मयताला जातानाही नेसले जाते, आणि रात्री गल्लीत पहाऱ्याला निघालेला माणूस तेच अंगाभोवती लपेटून घेतो. रमझानच्या रात्री पोरे त्याच्या टोकाला गाठ मारून एकमेकांना बडवतात आणि मग पोलिसांना मध्ये पडावे लागते, हा त्याचा कमी प्रतिष्ठित उपयोग. शुक्रवारी कचेरीत सगळेजण बाटिक घालतात हे खरे, पण ते सदऱ्याच्या रूपात, आणि त्याखाली विजारच असते.

इतक्या सोयीचे वस्त्र कचेरीच्या दाराशी का अडले, याचे कारण हवामानात नसून राजकारणात आहे. डच राजवटीत, एकोणिसाव्या शतकात, प्रत्येक जमातीने सार्वजनिक ठिकाणी आपापल्या जमातीचाच पोशाख घालावा असा दंडक होता, त्यामुळे कोट-विजार ही गोऱ्यांची आणि त्यांनी मुभा दिलेल्या मोजक्या लोकांची मिरासदारी होऊन बसली. विसाव्या शतकाच्या आरंभी हा दंडक ढिला पडला तेव्हा शिकलेल्या जावानी तरुणांनी विजार चढवली. साहेबाची नक्कल करण्यापेक्षा त्याच्याशी बरोबरी सांगण्याचा भाग त्यात अधिक होता. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो तर या बाबतीत फारच कडक होते. सारुंग गुंडाळलेला माणूस आपोआप वाकतो आणि विजार घातलेला ताठ चालतो अशी त्यांची धारणा होती, आणि ते वस्त्र त्यांना सरंजामशाहीची खूण वाटे. सामान्य लोकांशी नाते सांगण्यासाठी त्यांनी पेची ही काळी मखमली टोपी उचलली, कमरेखाली मात्र विजारच ठेवली. इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या अधिकृत छायाचित्रांत टोपी, कोट आणि विजार हीच जोडणी पुढे रूढ झाली, ती तेव्हापासून.

सारुंगची बाजू लावून धरली ती ग्रामीण, धार्मिक वळणाच्या मुसलमानांनी. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नहदलातुल उलमा या संघटनेच्या लोकांना शहरी मंडळी ‘काउम सारुंगान’, म्हणजे सारुंगवाले, म्हणून हिणवत असत. तेच नाव ते लोक आता अभिमानाने मिरवतात. या संघटनेतून पुढे आलेले मारुफ अमीन २०१९ ते २०२४ या काळात उपराष्ट्राध्यक्ष होते, आणि वर कोट, खाली सारुंग अशा वेशात ते सरकारी समारंभांना येत. त्याच्याच थोडे आधी, ३ मार्च २०१९ रोजी, जकार्तातील एका सारुंग महोत्सवात राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी तो दिवस राष्ट्रीय सारुंग दिन म्हणून जाहीर केला. सुकार्नोंनी जे सोडले ते त्यांच्याच पदावरील माणसाने उचलून घ्यायला अशी अनेक दशके जावी लागली.

आमच्या छायाचित्रांतील मुले मात्र या दोन्ही परंपरांपेक्षा वेगळी आहेत. २०२० नंतर ‘बरकाइन’, म्हणजे कापड नेसून बाहेर पडणे, या नावाने जी लाट शहरी तरुणांत आली, तिच्यात मुलगे आणि मुली दोघेही बाटिकचे किंवा हातमागाचे कापड टी-शर्टखाली गुंडाळतात, पायात कॅनव्हासचे बूट घालतात आणि तसेच कॉफीच्या दुकानात जातात. काटेकोरपणे पाहिले तर त्यांतील बरीच कापडे सारुंग नसतातच, कारण ती शिवून नळी केलेली नसून सुमारे अडीच मीटरची सुटी असतात. आपल्यासाठी या फरकाला महत्त्व आहे. सुट्टीच्या दिवशी गडद रंगाचे बाटिकचे कापड आणि वर साधा, एकरंगी सदरा असा वेश केलात तर आपण त्या मुलांच्या पंगतीत बसाल, आणि कोणी पाहिलेच तर कौतुकाने पाहील. चौकटीचे सारुंग शेजारच्या टपरीवर चहा घ्यायला जाताना खुशाल नेसावे, तिथे निम्मे लोक तसेच असतील. कचेरीत पहिले काही महिने विजार बरी, पुढचे सहकाऱ्यांच्या चालीरीती पाहून ठरवावे.

प्रश्न : आमच्या रत्नागिरीत ब्रह्मदेशचा थिबा राजा तीस वर्षे नजरकैदेत होता. तो आणि त्याच्याबरोबरचे पुरुष लुंगीसारखे काही नेसत, असे जुनी मंडळी सांगत. म्यानमारमध्ये आजही सरकारी अधिकारी तसलेच वस्त्र नेसून कामावर जातात असे वाचले. मग तिथे जे टिकले ते शेजारच्या थायलंडमध्ये का टिकले नाही?
— एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

आपल्या गावाचा या विषयाशी खरोखरच संबंध आहे, फक्त त्यात एक बारीक भेद करायला हवा. १८८५ च्या अखेरीस थिबाची राजधानी मंडाले इंग्रजांच्या हाती पडली, १८८६ मध्ये थिबाला रत्नागिरीस आणण्यात आले, १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा तयार झाला आणि १९१६ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. या राजाच्या दरबाराचे वस्त्र होते पसो. ते न शिवलेले, जवळजवळ नऊ मीटर लांबीचे रेशमी कापड असे, म्हणजे आपल्या नऊवारीहूनही थोडे लांबच. ते नेसून उरलेला भाग पुढे घोळदार लोंबता ठेवत किंवा खांद्यावर टाकत. त्याच्या घोळावरून आणि विणीवरून माणसाचा दर्जा कळे. आज म्यानमारमध्ये दिसते ती लोंजी मात्र सुमारे दोन मीटर घेराची, शिवून नळी केलेली आणि सर्वांची सारखीच असते. राजा आपल्याकडे कैदेत बसलेला असताना तिकडे त्याच्या प्रजेने दरबारी पसो हळूहळू सोडला आणि ही आखूड, स्वस्त, कामाला सोपी लोंजी स्वीकारली. पुरुषांच्या लोंजीला पसो हे जुने नाव मात्र अजूनही वापरतात.

इंग्रजी अमलात रंगूनच्या, म्हणजे आजच्या यांगूनच्या, कचेऱ्यांत विजारही शिरली होतीच. पण १९२० च्या विद्यार्थी संपानंतर तेथील राष्ट्रवादी तरुणांनी पिन्नी नावाच्या फिकट तपकिरी हातविणीच्या कापडाचे आखूड जाकीट आणि यॉ भागातील जाडीभरडी लोंजी हा आपला गणवेश केला. आपल्याकडच्या स्वदेशीच्या चळवळीचे वारे त्यात होते हे उघड आहे, आणि १९३० च्या दशकात स्वतःला ‘थाकिन’, म्हणजे मालक, म्हणवून घेणाऱ्या तरुणांच्या पिढीने तो वेश आणखी रुळवला. जावातील राष्ट्रवाद टोपीच्या रूपाने डोक्यावर चढला आणि ब्रह्मदेशातील राष्ट्रवाद कमरेला बसला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. दोन्हीकडे साहेबाशीच झगडा होता. एकीकडे साहेबाने देशी वस्त्र लादले होते म्हणून ते टाकावेसे वाटले, दुसरीकडे साहेबाची विजार वर चढण्याची शिडी झाली होती म्हणून देशी वस्त्र धरून ठेवावेसे वाटले.

स्वातंत्र्यानंतर लोंजीला शाळेचा आणि कचेरीचा आधार मिळाला. सरकारी शाळांतील मोठी मुले पांढरा सदरा आणि हिरवी लोंजी नेसतात. शिक्षकांचा गणवेशही हिरव्या-पांढऱ्याच रंगांचा. मंत्री आणि अधिकारी समारंभात वर तैकपोन हे आखूड जाकीट घालतात. जो मुलगा वयाच्या दहा-बारा वर्षांपासून वर्गात लोंजी नेसून बसला आहे, त्याला मोठेपणी बँकेत लोंजी नेसून जाताना काही वेगळे वाटण्याचे कारणच उरत नाही. १९६२ नंतरच्या लष्करी राजवटीने देश जगापासून तोडून ठेवला, त्यामुळे बाहेरच्या फॅशनचा लोंढाही अडला, हेही खरे. मात्र एवढ्यावरच सगळे श्रेय टाकणे मला पटत नाही, कारण २०११ नंतर बाजार खुला झाला, यांगूनच्या तरुणांच्या अंगावर जीन्स आली आणि तरीही लोंजी रस्त्यावरून गेली नाही. गंमत अशी की स्वतः सैनिक आणि पोलीस कामावर विजारच घालतात. त्यामुळे तिथे विजार म्हटली की लष्कर आणि लोंजी म्हटली की नागरिक, अशी एक अलिखित वाटणी झाली आहे.

थायलंडची गोष्ट थोडक्यात सांगता येते. तो देश कोणाची वसाहत झाला नाही, म्हणून साहेबाविरुद्ध वस्त्र धरून ठेवण्याची वेळच त्याच्यावर आली नाही. उलट फिल्डमार्शल फिबुन यांच्या सरकारने देश ‘सुधारलेला’ दिसावा म्हणून १९३९ पासून सांस्कृतिक फर्माने काढली, आणि जानेवारी १९४१ च्या फर्मानात उघड्या अंगाने किंवा नुसते कापड गुंडाळून सार्वजनिक ठिकाणी येणे असभ्य ठरवले. पुरुषांचे गुंडाळायचे वस्त्र त्यानंतर शेतात, घरात आणि नदीकाठच्या आंघोळीपुरते उरले. बायकांचे नळीचे वस्त्र, पा सिन, मात्र पुढे रेशमी होऊन समारंभात परतले.

प्रश्न : माझे यजमान घरात लुंगी नेसतात, पण या छायाचित्रांना ते “बायकी परकर” म्हणाले. त्या देशांत हेच वस्त्र स्त्रियाही नेसतात ना? मग पुरुषांना तसे वाटत नाही का?
— एक वाचिका, ठाणे

आपल्या यजमानांच्या लुंगीला कोणी परकर म्हणत नाही आणि छायाचित्रातल्या मुलाच्या वस्त्राला म्हणावेसे वाटते, यातच अर्धे उत्तर आले. वस्त्राचा घाट तोच आहे. एक ओळखीचे आहे आणि दुसरे नाही, एवढाच फरक.

स्त्री-पुरुषांच्या वस्त्रांत त्या देशांतही भेद आहे, पण तो कापताना केलेला नाही, नेसताना आणि विणताना केलेला आहे. म्यानमारमध्ये पुरुष लोंजीची गाठ पुढे, नाभीपाशी, फुगवटा येईल अशी मारतात; स्त्रिया कापड एका बाजूला ओढून कमरेशी खोचतात. पुरुषांच्या कापडावर चौकटी, बारीक रेघा किंवा एकच रंग असतो, स्त्रियांच्या थमेनवर फुले किंवा लाटांची नक्षी, आणि थमेनच्या वरच्या काठाला कमरेशी येणारी काळी सुती पट्टी जोडलेली असते, जी पुरुषांच्या लोंजीला नसते. मलय प्रदेशात आणि जावात सारोंगच्या नळीत एक उभा पट्टा वेगळ्या रंगाचा किंवा नक्षीचा असतो. पुरुषांनी तो मागे येईल असे नेसावे असा संकेत आहे. फिलिपिन्सच्या मिंदानाओ बेटावरील मरानाव लोक मात्र या भानगडीत पडत नाहीत. त्यांचे मालोंग नावाचे रुंद नळीचे वस्त्र स्त्री, पुरुष, मुले सगळेच वापरतात, खांद्यावरून घेतात, कमरेला बांधतात, रात्री पांघरतात.

भेद बारीक असला म्हणून तो हलका असतो असे मात्र नाही. म्यानमारमध्ये पुरुषाच्या अंगी ‘फोन’ नावाचे तेज असते आणि स्त्रीच्या थमेनखालून गेल्यास ते नष्ट होते, अशी जुनी समजूत आहे. त्यामुळे घरात थमेन वाळत घालतानाही ते पुरुषांच्या डोक्यावरून जाणार नाही याची काळजी घेतली जाते. फेब्रुवारी २०११ मध्ये लष्करप्रमुख थान श्वे आणि इतर सेनापती एका समारंभात बायकी वाटणाऱ्या लाटांच्या नक्षीची रेशमी वस्त्रे नेसून दूरचित्रवाणीवर दिसले, तेव्हा देशभर कुजबुज झाली. आँग सान स्यू ची यांचा प्रभाव मंत्रतंत्राने उतरवण्यासाठी ज्योतिषाच्या सल्ल्याने हा वेश केला असावा, असे लोक बोलत. दहा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर, यांगूनच्या स्त्रियांनी तीच समजूत उलटी फिरवली. गल्ल्यांच्या तोंडांशी दोऱ्या बांधून त्यांनी त्यांवर थमेन वाळत घातली, आणि पुढे जाण्यापूर्वी सैनिकांना थांबून ती खाली उतरवावी लागत. त्या मार्चमध्ये काही तरुण पुरुषांनी थमेन डोक्याला बांधून आपली छायाचित्रे प्रसिद्ध केली, आणि ही समजूत आम्ही मानत नाही असे जाहीर केले. सेनापतींनी रेशीम नेसून जे केले असेल-नसेल ते असो, त्या मुलांच्या डोक्यावरचे सुती थमेन मला अधिक धाडसाचे वाटते.

तेव्हा “बायकी” हा शेरा त्या देशांतील पुरुषालाही लागू शकतो, पण तो नळीच्या वस्त्राला लागत नाही. चुकीच्या नक्षीला आणि चुकीच्या बाजूच्या गाठीला लागतो. यजमानांना एवढे सांगून पाहावे.

प्रश्न : पट्टा नाही, नाडी नाही, खिसा नाही. मग हे वस्त्र दिवसभर टिकते कसे आणि पाकीट कुठे ठेवतात?
— एक वाचक, नागपूर

टिकते ते घर्षणाने आणि सवयीने. इंडोनेशियन पद्धतीत नळीत उभे राहून कापड दोन्ही बाजूंना ताणावे, एक बाजू पोटावर मधोमध आणून घट्ट दाबावी, दुसरी तिच्यावरून आणावी, आणि मग वरचा काठ बाहेरच्या बाजूने तीन-चार वेळा खाली वळत जावा. तयार होणारी जाड वळकटी हाच पट्टा. त्याच वेळी पायघोळाची उंचीही ठरते, म्हणून वळण्यापूर्वी खालचा काठ घोट्याशी समान आहे ना हे पाहून घ्यावे. म्यानमारच्या पद्धतीत वळकटी नसते. दोन्ही बाजूंची उरलेली कापडे पुढे आणून, त्यांना एक पीळ देऊन, एकाचे टोक दुसऱ्यात खोचतात. ही गाठ दिवसातून अनेकदा सुटल्यासारखी होते आणि लोक चालता चालता, बोलता बोलता, ती सोडून पुन्हा बांधतात. त्यात कोणालाही संकोच वाटत नाही. पाकीट आणि फोन पाठीमागे कमरेशी खोचतात, किंवा खांद्याला तेथील शान लोकांच्या पद्धतीची कापडी पिशवी असते. पळायचे किंवा चिन्लोन हा वेताच्या चेंडूचा खेळ खेळायचा तर खालचा काठ दोन पायांतून मागे घेऊन कमरेत खोचतात, कासोट्यासारखाच. नवशिक्याने घरात आत एक साधा पट्टा लावला तर त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : आम्ही बरीच वर्षे कुआलालंपूरला आहोत. इथले मलय शेजारी संध्याकाळी जी चौकटीची लुंगी नेसतात ती हुबेहूब मद्रासी वाटते. ती आपल्याकडून आली की इथून तिकडे गेली? माझा मुलगा ती नेसून रेल्वेने फिरायला जायचे म्हणतो आहे.
— एक वाचिका, कुआलालंपूर

मद्रासी वाटते, कारण ती तशीच आहे. मलय लोक तिला ‘काइन पेलेकात’ म्हणतात, आणि हे पेलेकात म्हणजे चेन्नईच्या उत्तरेस समुद्राकाठी असलेले पुलिकत बंदर. सतराव्या शतकात डचांनी तिथे किल्ला बांधला, कारण मसाल्याच्या बेटांवर रोख चांदीपेक्षा कोरोमंडल किनाऱ्याचे कापड अधिक चाले. लवंग आणि जायफळ विकत घ्यायचे तर आधी तामिळ आणि तेलुगू विणकरांकडून कापड घ्यावे लागे. डचांच्या कितीतरी आधीपासून हा व्यापार चालू होता, आणि डच गेल्यावरही चौकटीच्या कापडाला त्या बंदराचे नाव चिकटून राहिले. नळीचे वस्त्र नेसण्याची रीत मात्र मलय जगातही जुनी आहे. कापड आपल्या किनाऱ्याचे आणि रीत त्यांचीही, असे म्हणणे मला न्याय्य वाटते.

आपल्या मुलाचा बेत मुळीच विचित्र नाही. मलेशिया दिन १६ सप्टेंबरला असतो. त्याच्या सुमारास ‘केरेतापी सारोंग’ नावाचा उपक्रम तिथे अलीकडे लोकप्रिय झाला आहे. मलय, चिनी, भारतीय अशी सगळी तरुण मंडळी सारोंग नेसून शहरी रेल्वेने प्रवास करतात आणि ठरलेल्या ठिकाणी जमतात. काइन पेलेकात हे घरात आणि मशिदीत नेसायचे, बाहेर जाताना बदलायचे, असा जो संकेत मलय घरांतही होता, त्याला या मुलांनी हसत-खेळत बगल दिली आहे. एक गोष्ट मात्र मुलाला सांगून ठेवा. ईदला किंवा लग्नाला मलय पुरुष विजारीवरून गुडघ्यापर्यंत जे भरजरी वस्त्र बांधतात, ते सांपिंग. त्याला सारोंग म्हणून विजारीशिवाय नेसून गेल्यास मात्र लोक नक्की हसतील.

प्रश्न : मला हे वस्त्र कोल्हापुरात रोज बाहेर वापरायचे आहे. साधी लुंगी नेसली तर लोक आजारी आहात का म्हणून विचारतात. परदेशी सारोंग आणले तर प्रतिष्ठा मिळेल का? आणि परक्या लोकांचे वस्त्र आपण नेसणे हा त्यांचा अपमान तर होत नाही?
— एक वाचक, कोल्हापूर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. म्यानमार, इंडोनेशिया किंवा मलेशियात परक्याने सारोंग नेसले तर लोकांना आनंदच होतो. यांगूनच्या बाजारात तर दुकानदार स्वतः गाठ मारून दाखवतात. जपायचे ते एवढेच, की पूजेशी जोडलेली कापडे रोजच्या वापरात आणू नयेत. बाली बेटावरील काळ्या-पांढऱ्या चौकटीचे पोलेंग कापड देवळांतील मूर्तींना आणि वृक्षांना गुंडाळतात, ते नेसून भाजी आणायला जाणे शोभणार नाही.

प्रतिष्ठेविषयी मी आपली निराशा करणार आहे. लुंगी सुटी असो की शिवलेली, चौकटी मदुराईच्या असोत की जावातील पेकालोंगानच्या, कोल्हापूरच्या रस्त्यावर पाहणाऱ्याला त्यातला फरक दिसत नाही. महाराष्ट्रात लुंगी घरात चालते, अंगणात चालते, दाराची घंटा वाजली की मात्र पुष्कळ पुरुष पायजमा शोधू लागतात. हा संकेत परदेशी कापड आणून मोडणार नाही. केरळात मुंडू नेसून प्राध्यापक वर्गावर जातात, तिथे तो कधी उभाच राहिला नाही. फरक पडतो तो वरच्या कपड्याने. घरातल्या बनियनवर नेसलेली लुंगी ही घरातलीच दिसते, मग ती रेशमाची का असेना. इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा, फिकट रंगाचा सदरा आत न खोचता सोडला, पायात चामडी चप्पल घातली, आणि खाली घोट्यापर्यंत सरळ येणारे गडद, एकरंगी किंवा बारीक रेघांचे जाड सुती सारोंग असले, तर तो वेश ठरवून केलेला दिसतो. लोक तरीही विचारतीलच, पण प्रकृतीची चौकशी करणार नाहीत. कापडाची उंची आपल्या कमरेपासून घोट्यापर्यंतच्या मापापेक्षा वितभर जास्त घ्यावी, कारण वळकटीत तेवढी जाते. इंडोनेशियन सारुंग साधारण १२० सेंटीमीटर उंचीचे असते, ते बहुतेकांना पुरते. वरून खाली मोठमोठी फुले असलेले, समुद्रकिनाऱ्यावर विकले जाणारे पातळ रेयॉनचे कापड टाळावे. ते पोहून आल्यावर गुंडाळण्यासाठी असते आणि वाऱ्यात सांभाळता येत नाही.

प्रश्न : जावयाने इंडोनेशियाहून दोन सारुंग आणली आहेत, पण ती पुठ्ठ्यासारखी कडक आहेत. नेसताच येत नाहीत. काय करावे?
— एक वाचक, संगमनेर

ती खळ आहे. नवी सारुंग घडी टिकावी म्हणून भरपूर खळ देऊन विकतात. रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालून, पाणी दोनदा बदलून, सावलीत वाळवावीत. दोन-तीन धुण्यांत ती मऊ पडतात. गडद रंगाचे सारुंग पहिल्या वेळी वेगळेच भिजवावे, कारण रंग जातो. जावयांनी आणलेल्यांपैकी एखादे हाताने काढलेल्या बाटिकचे असेल तर त्याला कपडे धुण्याची पूड लावू नये. जावात त्यासाठी रिठ्याच्या जातीचे लेराक नावाचे फळ वापरतात, आणि आपल्याकडचे रिठे ते काम तितकेच चांगले करतात.